डोक्याची वही

आमच्या संघाच्या पत्र्याच्या पेटीत फक्कीची पिशवी, दोन शिट्ट्या, क्रेप बँडेजचे चार रोल, थंड स्प्रेचा डबा आणि एक 200 पानी वही असते. वहीच्या पुठ्ठ्यावर कुणा पोराने मार्करने कवटी काढून ठेवली आहे. ‘डोक्याची वही’ हे नावही पोरांनीच पाडलं. सरावात किंवा सामन्यात कुणाचं डोकं आपटलं की त्याच रात्री तिच्यात नोंद होते. ही वही कशी ठेवायची आणि तिच्यापायी काय काय बदलावं लागतं, ते गावोगावी कबड्डी शिकवणाऱ्यांसाठी लिहितोय.

मी चौलच्या बाजूचा. नारळ-सुपारीची वाडी बघतो आणि संध्याकाळी मैदानावर असतो. 18 वर्षं डावा कोपरा खेळलो. तेवढ्या काळात माझं डोकं किती वेळा आपटलं हे मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा रक्त आलं तरच ती दुखापत धरायचे. बाकी सगळं ‘घुमलं’ या एका शब्दात जायचं. डोकं घुमलं, बस जरा, पाणी पी, चल ऊठ.

वही सुरू झाली ती एका शनिवारच्या रात्रीमुळे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मैदान, हॅलोजनचे झोत, बांधावर माणसं. आमच्या दोन मध्यरक्षकांनी एकाच चढाईपटूवर दोन बाजूंनी झेप घेतली. तो निसटला आणि या दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आवाज बांधापर्यंत आला. एक जण कपाळ चोळत उठला. दुसरा, 19 वर्षांचा, उठून हसलासुद्धा. मी बाहेरून ओरडलो, “बरा हायस ना रं?” तो म्हणाला, “काय नाय झाला काका, जरा घुमलाय.” पुढच्या चढाईला तोच गेला. 30 सेकंद मध्यरेषेजवळच घुटमळला, चढाईत ओलांडायलाच लागते ती निदानरेषा ओलांडलीच नाही. पंचांनी बाद दिल्यावर आमच्याकडे यायचं सोडून समोरच्या संघात जाऊन बसला. लोक हसले. मीही हसलो, हे लिहितानाही लाज वाटते. सामना आम्ही जिंकलो, चषकासोबत फोटो झाले. परतताना टेम्पोत तो मला विचारतो, “काका, आपला सामना कधी हाय?”

माझी मुलगी पनवेलला फिजिओथेरपिस्ट आहे. दुसऱ्या दिवशी मी फोनवर तिला हे गंमत म्हणून सांगायला गेलो. ती गप्प झाली. मग म्हणाली, “बाबा, त्यानंतर त्याला अजून एक बसला असता तर?” मेंदूची पहिली इजा भरून यायच्या आत दुसरा मार बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदू झपाट्याने सुजतो. असं झालेले बहुतेक जण कोवळ्या वयाचे असतात आणि त्यात पोरगं हातचं जाऊ शकतं. त्या रात्री आमच्या नशिबाने काही झालं नाही, एवढंच.

तिने मला समजावलं ते असं. आणि उदाहरण वाडीतलंच दिलं. सुकवायला ठेवलेला नारळ आतून सुटला की हलवल्यावर गोटा आत आपटतो. करवंटीला चरासुद्धा नसतो. मेंदू तर गोट्यासारखा टणक नाहीच, मऊ आहे आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. डोक्याला हिसका बसला, विशेषतः डोकं गर्रकन फिरलं, की आतले बारीक तंतू ताणले जातात, पिळले जातात. म्हणजे टेंगूळ नाही, रक्त नाही, शुद्ध गेली नाही, तरी इजा झालेली असू शकते. बेशुद्ध न पडताच असा मार बसलेले खेळाडूच जास्त असतात. आणि डोक्याला थेट मार लागायलाच हवा असंही नाही. छातीवर जोरात धडक बसून मान झटक्याने मागे गेली तरी पुरतं.

‘मग हेल्मेट घाला’ म्हणणाऱ्यांना उत्तरही यातच आहे. हेल्मेट करवंटी वाचवतं, आतला हेलकावा थांबवत नाही. आमच्यातल्या एकाने ऑनलाइन फोमची टोपी मागवली होती. कान सोलायचे वाचतात, बाकी काही नाही. सीटी स्कॅनचंही तसंच. तो रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो आणि त्यासाठी फार मोलाचा आहे. पण ‘स्कॅन नॉर्मल आलाय, उद्या खेळतो’ हे चूक. मी म्हणतोय त्या इजेत स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो.

इथपर्यंतचं एका माराचं झालं. मुलीने पुढे जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. वर्षानुवर्षं बसलेल्या छोट्या छोट्या धक्क्यांचा हिशेब मेंदू वेगळा ठेवतो. 1928 साली अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड नावाच्या डॉक्टरांनी बॉक्सरांबद्दल लिहिलं, की बरीच वर्षं मार खाल्लेले काही जण दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात. बरीच वर्षं लोकांना वाटलं, हा बॉक्सिंगचा रोग. मग 2002 मध्ये दोन माणसं वारली. एक इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ अ‍ॅस्टल, वय 59. आयुष्यभर जड चामड्याचा चेंडू डोक्याने मारलेला. चौकशी करणाऱ्या कोरोनरने मृत्यूचं कारण लिहिलं, व्यवसायातून जडलेला आजार. दुसरा अमेरिकन फुटबॉलचा माइक वेबस्टर, वय 50. बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि 2005 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचलेलं. या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. अ‍ॅस्टलचा मेंदू 2014 मध्ये पुन्हा तपासला तेव्हा त्यातही हेच निघालं.

सीटीईचं पक्कं निदान आजही माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होतं. आणि ज्यांच्यात तो सापडला त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नावावर मोठ्या दुखापतींची लांब यादी नव्हती, खेळलेली वर्षं मात्र भरपूर होती. धोका खेळलेल्या वर्षांबरोबर वाढतो. म्हणून माझ्या वहीत मोठे मार जेवढे महत्त्वाचे, तेवढीच सरावातल्या किरकोळ धडकांची बेरीज.

घाबरवणारे आकडे मोबाइलवर फिरत असतात, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोस्टनच्या संशोधकांनी 2017 मध्ये 202 अमेरिकन फुटबॉल खेळाडूंचे मेंदू तपासले, 177 मध्ये सीटीई निघाला. पण ते मेंदू घरच्यांनी दान केलेले, आणि त्यातल्या बऱ्याच घरच्यांना आधीपासून या आजाराची शंका होती. सगळ्या खेळाडूंत हेच प्रमाण असणार, असा त्याचा अर्थ नाही. मला जास्त पटतो तो ग्लासगोचा 2019 चा अभ्यास. स्कॉटलंडच्या 7676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सामान्य लोकांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत साधारण साडेतीन पट निघालं. पुढच्या तपासात बचावफळीतल्यांना धोका सर्वांत जास्त आणि चेंडू क्वचितच डोक्यावर घेणाऱ्या गोलकीपरांना जवळपास बाकी लोकांएवढाच. पण त्याच खेळाडूंत हृदयविकाराने मरणारे कमी होते. म्हणून पोराला मैदानावरून काढून घरी बसवा, असं मी कुणाच्या आईला सांगत नाही. बसून मोबाइल बघण्यापेक्षा कबड्डी कधीही बरी. डोकं तेवढं वाचवायचं.

आता वही.

प्रत्येक खेळाडूला दोन पानं. वर नाव, वय, आधी कधी डोक्याला मार लागलाय का (मोटारसायकलवरून पडलेलंही धरा, आमच्याकडे तेच जास्त). खाली नोंदी: तारीख, सराव की सामना, कशावर आपटलं, लगेच काय दिसलं, दुसऱ्या दिवशी काय वाटलं, डॉक्टरने काय सांगितलं, परत कधी उतरला. ‘कशावर आपटलं’ हा रकाना टाळू नका. पहिल्या मोसमाच्या शेवटी मी वही चाळली तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदींत शब्द होता ‘गुडघा’, आणि त्याच्या खालोखाल ‘आपलाच गडी’. समोरच्या संघाच्या दांडगाईला मी उगाच शिव्या देत होतो.

नोंद खेळाडूने सांगायची वाट बघू नका. तो सांगणार नाही. संघातली जागा जाईल ही भीती असते. म्हणून मी बाकावरच्या राखीव पोरांतला एक जण फक्त डोकी बघायला ठेवतो. कोण आपटल्यावर उशिरा उठला, कोण डोकं धरून बसला, कोणाचे पाय लटपटले, कोण रिकाम्या नजरेने बघतोय. यातलं एक जरी दिसलं तरी तो खेळाडू बाहेर. शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. यावर चर्चा नाही, कप्तानाशी नाही, मंडळाच्या अध्यक्षांशीही नाही. हा नियम मी मोसम सुरू व्हायच्या आधी, नारळ फोडतानाच सगळ्यांसमोर बोलून ठेवतो. अंतिम सामन्याला शेवटची दोन मिनिटं असताना नियम करायला गेलात तर तुम्हालाच बाहेर काढतील.

बाहेर आणल्यावर “बरा आहेस का?” असं कधीही विचारू नका. या प्रश्नाला मैदानावर एकच उत्तर असतं. असे प्रश्न विचारा की उत्तर तपासता येईल: हे कुठल्या गावचं मैदान? पहिला डाव की दुसरा? शेवटची चढाई कोणी केली? मागचा सामना कोणाशी झाला, जिंकलो का हरलो? त्या शनिवारी मी एवढं विचारलं असतं तर सगळं तिथेच कळलं असतं. मात्र उत्तरं बरोबर आली म्हणून परत आत पाठवू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड खुपतोय, धूसर दिसतंय, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटतंय, उगाच रडू किंवा राग येतोय, यातलं काहीही असलं तरी पुरे. काही लक्षणं तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी येतात.

खेळाडू उठलाच नाही तर आमची जुनी खोड म्हणजे चौघांनी हातपाय धरून उचलायचा, तोंडात पाणी ओतायचं, कांदा फोडून नाकाशी धरायचा. यातलं काहीही करू नका. बेशुद्ध असेल किंवा मान दुखतेय म्हणत असेल, तर मानेलाही इजा आहे असं धरून चाला. श्वास चालू आहे ना बघा, डोकं-मान हलू देऊ नका, गर्दी हटवा आणि 108 ला फोन लावा. बेशुद्ध पडला, आकडी आली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढतच गेली, झोपाळू होत चालला, गोंधळ वाढला, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी आली, एक बाहुली मोठी दिसली, नाकाकानातून रक्त किंवा स्वच्छ पाणी आलं, तर घरी न्यायचा विचारही नको, सरळ मोठं हॉस्पिटल. रात्रीच्या सामन्याला जाताना आयोजकांना दोन गोष्टी आधी विचारा: ॲम्ब्युलन्स शेतापर्यंत येईल असा रस्ता मोकळा ठेवलाय का, आणि सर्वांत जवळचा सीटी स्कॅन कुठे आहे. पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी मोटारसायकली आडव्या लावलेल्या सापडतात.

धोक्याचं काही दिसलं नाही तरी पहिली रात्र एकटं ठेवायचं नाही. ‘झोपू देऊ नका’ हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोप चांगलीच, फक्त शेजारी जागं राहणारं कुणी असावं. दारू नाही. स्वतः गाडी चालवून घरी जायचं नाही, यावरून माझं दोनदा भांडण झालंय, चाव्या मी खिशात घातल्या. दुखलं तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत, रक्तस्रावाचा धोका वाढू नये म्हणून. आणि पहिले दोन दिवस मोबाइल कमी. सगळ्यात जास्त कुरकूर यालाच होते.

परत उतरण्याचं वेळापत्रक मी ब्रिटनच्या 2023 च्या गावपातळीवरच्या खेळासाठी काढलेल्या सूचनांवरून उचललंय: सामन्यात 21 दिवसांच्या आत नाही. म्हणजे तीन आठवडे. पण 21 दिवस खाटेवर पडायचं नाही. पूर्ण आराम एक-दोन दिवस पुरतो, मग वाडीतून, समुद्रावर चालायचं. त्रास वाढला नाही तर ओल्या वाळूवर हलकं धावायचं. मग एकट्याने पायांच्या हालचाली, निदानरेषेपर्यंत जाऊन परत, समोर कोणी नाही. त्यानंतर संघाबरोबर सराव, पण फक्त स्पर्श, पकड नाही. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षणं वाढली की एक पायरी खाली. पकडीचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. शाळा-कॉलेजच्या पोराचं आधी वर्गात लक्ष लागू दे, मग मैदान. दहावीच्या वर्षातल्या पोराच्या आईला हे एका फटक्यात पटतं.

एवढं सगळं मार बसल्यानंतरचं. खरी कमाई आहे सरावात, कारण वर्षभरातल्या धडका मोजल्या तर सामन्यांपेक्षा सरावातच जास्त निघतात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगने 2011 मध्ये मोसमातले पूर्ण धडकेचे सराव 14 वर आणले. तिथले लाखो डॉलर घेणारे पैलवान 14 वेळा धडकतात आणि आमची 15 वर्षांची पोरं आठवड्याला सहा संध्याकाळी. मी ते आठवड्याला दोन संध्याकाळवर आणलं, त्यातही 15 मिनिटं. बाकी दिवस पाय, दम, नजर, साखळीची हालचाल, पकडीत हात कसे गुंफायचे ते हळू वेगात. पकडी कमजोर होतील अशी ओरड झाली. झाल्या नाहीत. उलट मोसमाच्या शेवटी पोरं ताजी राहतात.

पकडीत मार बहुतेक वेळा पकडणाऱ्याच्याच डोक्याला बसतो. रग्बीतही हेच दिसलंय. म्हणून डोकं कुठे ठेवायचं हे हाताच्या आधी शिकवा. पट काढायला, म्हणजे पाय धरायला जाणारा पोरगा नवखा असला की डोकं खाली घालून डोळे मिटतो आणि नेमका चढाईपटूच्या गुडघ्यासमोर जातो. मी सांगतो, डोळे उघडे, मान ताठ, डोकं मांडीच्या बाजूला किंवा मागे, कान त्याच्या मांडीला घासला पाहिजे. आधी उभ्या पोरावर, मग चालत्यावर, मग पळत्यावर. कंबर पकडतानाही तेच, डोकं पाठीच्या बाजूला, कोपराच्या टप्प्याबाहेर. आणि आपल्याच गड्यांच्या टकरीसाठी हाक: जो पहिला झेपावतो तो “माझा!” ओरडतो, दुसरा झेप न घेता वाट अडवतो. हे सोपं वाटतं, पण अंगात मुरायला आम्हाला एक पावसाळा गेला. पावसाळ्यात मैदान नसतं, शाळेच्या पडवीत नुसत्या हाका आणि पावलं घोटली.

बारा वर्षांखालच्यांना धडक मी शिकवतच नाही. स्पर्श, बोनस, पळणं, दम. इंग्लंड-स्कॉटलंडने 2020 मध्ये त्या वयाच्या मुलांच्या सरावातून चेंडू डोक्याने मारणं काढून टाकलं, त्याच धर्तीवर.

मैदानाचंही बघा. भात कापल्यावर जमीन जानेवारीपर्यंत दगड होते. वरचा थर उकरून, ढेकळं फोडून, पाणी मारून घ्या. रेषेबाहेर तीन-चार मीटर मोकळं हवं. हॅलोजनचा बांबू, स्पीकरचा स्टँड आणि पाहुण्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्याच्या बाहेर. मानेचे व्यायाम घेतो, टॉवेल लावून जोडीदाराने ओढायचा आणि आपण रोखायचं. मजबूत मानेवरचं डोकं कमी हिसकतं असं काही अभ्यास सुचवतात, पण मी ते कवच समजत नाही.

जुन्या खेळाडूंचं राहिलं. माझा चुलत भाऊ, आमचा अण्णा, माझ्यापेक्षा जास्त वर्षं खेळला, तेही मध्यरक्षक. आता त्याला कालचं आठवत नाही, चिडतो, वहिनीवर हात उगारतो, जे त्याने कधी केलं नव्हतं. हे सगळं वाचल्यावर मी मनातल्या मनात शिक्का मारला होता. मुलीने दम दिला: सीटीई म्हणून घरी बसवू नका, आधी तपासा. विसरणं आणि चिडणं थायरॉइडने होतं, बी 12 कमी पडल्याने होतं, नैराश्याने, झोप नीट न लागल्याने, दारूने होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. अण्णाचं बी 12 खरंच तळाला होतं. इंजेक्शनांनी थोडा फरक पडला, सगळा नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे तारीख चालू आहे. ते विचारतात तेव्हा अण्णा किती वर्षं खेळला, किती वेळा बेशुद्ध पडला, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नसतं.

आमच्या पोरांकडे ते असेल. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की त्याच्या दोन पानांचा मोबाइलवर फोटो काढून त्याला देतो, एक त्याच्या घरी पाठवतो. दुसऱ्या कोणाला दाखवत नाही. त्या शनिवारच्या पोराच्या पानावर आता तीन नोंदी आहेत. तिसरीनंतर त्यानेच येऊन विचारलं, “काका, आता किती दिवस?” गेल्या मोसमात तो पंचांची परीक्षा पास झाला.

वही कुठल्याही दुकानात मिळते. पेन मात्र दोरीने पेटीला बांधून ठेवा, गुणपत्रक लिहायला पळवतात.